विश्वस्त म्हणजे मालक नव्हे

धर्मादाय कायद्याचा विषय निघाला की आपली माणसे म्हणतात, ते वकिलाचे आणि ऑडिटरचे काम. आम्हाला हे पटत नाही. 'सार्वजनिक' म्हणजे नेमके कोण, हा या कायद्याचा गाभा आहे आणि तो प्रश्न आपल्या पूर्वजांनी 1927 साली महाडला पाणी पिऊन विचारला होता.

बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले होते. तरी सत्याग्रहानंतर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. तळे आमचे, वहिवाट अनादि, असा त्यांचा दावा! मुसलमानांनी भरलेले पाणी त्यांना चालत होते. बाबासाहेबांनी हा खटला दहा वर्षे लढवला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने त्या अनादि वहिवाटीला पुरावा नाही, असा निकाल दिला.

देवस्थाने, धर्मशाळा, वसतिगृहे यांच्या विश्वस्तांना तेव्हा जाब विचारायचा कोणी? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 92, त्यासाठी अॅडव्होकेट जनरलची संमती, वर कोर्टखर्च. गावकुसाबाहेरच्या माणसाची ती ऐपत होती का? 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी आणि हिशेबतपासणी सक्तीची केली. कलम 36 मुळे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय न्यासाची जमीन विकता येईना. पुढच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 41-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येते, काढूनही टाकता येते.

लोकहिताची कसोटी आयकर कायद्यातही आली. 1961 च्या कायद्याने नव्या धर्मादाय न्यासांना अट घातली: एकाच जातीच्या लाभासाठी असाल तर करसवलत नाही. मात्र अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचा न्यास 'जातीचा' धरला जाणार नाही, हेही त्यातच लिहिले. "तुमचीही संस्था जातीयच की!" म्हणणाऱ्यांनी कलम 13 चे हे स्पष्टीकरण वाचावे.

आता घरचा आहेर. आपल्या किती विहारांत, वसतिगृहांत बापानंतर मुलगा विश्वस्त होतो? पै-पै वर्गणी देणाऱ्या बायाबापड्यांना ताळेबंद कधी दाखवला जातो? आम्ही एका संस्थेत हिशेब मागितला, तर "समाजात फूट पाडू नका" असे ऐकवले गेले. चवदार तळ्याच्या वादींची भाषा याहून फार वेगळी नव्हती. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्या विहाराचा पी.टी.आर. उतारा या महिन्यात काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत, त्यातली किती माणसे आज हयात आहेत, ते सभेत वाचून दाखवा.