गुप्त संघटनांची काल्पनिक बोधचिन्हे

कादंबरी, चित्रपट, कॉमिक्स, मालिका आणि व्हिडिओ गेम यांतील मनःकल्पित गुप्त संघटनांसाठी घडवलेली खूण, मुद्रा किंवा बोधचिन्ह. अंगठी, गोंदण, डाग, बिल्ला, शिक्का, भिंतीवरची रेघोटी, अशा कोणत्याही रूपात ते येते. कंपनीच्या बोधचिन्हाचे काम सरळ असते: जास्तीत जास्त लोकांच्या नजरेत भरायचे. इथे काम दुहेरी आहे. कथेतल्या चारचौघांना ते दिसूनही कळता कामा नये, आणि वाचकाच्या डोक्यातून मात्र एकदा पाहिल्यावर जाता कामा नये. हा पेच ज्यांनी उत्तम सोडवला त्यांनी बहुधा नवे चित्र शोधलेच नाही. सगळ्यांच्या ओळखीची एखादी आकृती घेतली आणि तिच्यात एकच फेरफार केला.

या परंपरेची मुळे खऱ्या संस्थांत आहेत. फ्रीमेसन मंडळींची खूण म्हणजे गुण्या आणि कंपास, गवंड्याच्या हातातली रोजची अवजारे. मुंबईत जन्मलेल्या आणि लाहोरमध्ये मेसन झालेल्या रुडयार्ड किपलिंगने १८८८च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या कथेत मेसनांच्या खुणेवर अख्खे कथानक उभे केले. काफिरिस्तानात राजे होऊ पाहणाऱ्या दोन भटक्यांपैकी एकाच्या ॲप्रनवरची खूण तिथल्या दगडावर कोरलेल्या खुणेशी जुळते आणि पुजारी त्याला देव मानतात. पुढे लेखकांनी खऱ्या संस्थेऐवजी खोटी संस्था आणली. खूण मात्र अशाच कामाला लावली.

त्याचा नमुना म्हणून आर्थर कॉनन डॉइलच्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या होम्स कादंबरीकडे पाहावे. ती ‘स्ट्रँड’ मासिकात १९१४–१५ मध्ये क्रमशः आली. इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात एक माणूस मारला जातो. बंदुकीच्या बाराने चेहरा ओळखू येत नाही, पण हातावर डागलेली खूण आहे: वर्तुळात त्रिकोण. घरमालकाच्या हातावर ती होती हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून प्रेत त्याचेच ठरते. प्रत्यक्षात मेलेला माणूस त्याला मारायला आलेला मारेकरी असतो. दोघांनाही एकाच टोळीने डागलेले असते. घरमालक म्हणजे त्या टोळीत शिरलेला गुप्तहेर. ‘स्कोअरर्स’ ही टोळी डॉइलने पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींतल्या ‘मॉली मॅग्वायर्स’वरून बेतली होती. त्रिकोण आणि वर्तुळ, इतकी साधी आकृती त्याने निवडली ती विचार करूनच. तापलेल्या लोखंडाने कातडीवर याहून बारीक काम उमटत नाही. आणि ज्या खुणेने माणूस ओळखायचा तीच ओळखीला चकवते, ही करामत एका शतकानंतरही फारच थोड्यांना जमली आहे.

एर्जेच्या ‘टिनटिन’ मालिकेतल्या ‘फेरोचे सिगार’ या साहसकथेत (१९३४) वर्तुळ, त्यातून जाणारी नागमोडी रेघ आणि दोन ठिपके अशी खूण आहे. चिनी यिन-यांग आकृती कुणीतरी बिघडवावी तशी ती दिसते. थडग्याच्या भिंतीवर ती असते तेव्हा प्राचीन इजिप्तची वाटते. सिगारच्या पट्टीवर तीच आली की व्यापारी छाप वाटते. टिनटिन तिचा माग काढत भारतातल्या एका काल्पनिक संस्थानापर्यंत पोचतो, तेव्हा ती अफू विकणाऱ्या टोळीची निघते.

ऑक्टोपसचे घराणे मोठे आहे. इयन फ्लेमिंगने ‘थंडरबॉल’ (१९६१) या कादंबरीत ‘स्पेक्टर’ ही संघटना आणली, आणि सुरुवातीच्या बाँडपटांत तिच्या म्होरक्यांच्या बोटात ऑक्टोपसची अंगठी आली. हे चित्र तोवर राजकीय व्यंगचित्रांत चांगलेच रुळलेले होते. फ्रेड रोझने १८७७च्या युरोपच्या नकाशात रशिया ऑक्टोपसच्या रूपात काढला होता. ‘पक’ साप्ताहिकात १९०४ साली स्टँडर्ड ऑइल कंपनी तेलाच्या टाकीचे डोके असलेला ऑक्टोपस झाली होती. डोके एक, हात अनेक, आणि प्रत्येक हात वेगळ्या ठिकाणी रुतलेला: गुप्त संघटनेची रचनाच या प्राण्यात दिसते. पण हेच चित्र नाझी काळात ज्यूंविरुद्धच्या प्रचारातही वापरले गेले. ते हाती घेणाऱ्या चित्रकाराला हा इतिहास माहीत असलाच पाहिजे.

हक्कांच्या वादामुळे ‘स्पेक्टर’ हे नाव अनेक दशके अधिकृत बाँडपटांतून नाहीसे झाले. २०१३ मध्ये तंटा मिटला आणि २०१५ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. त्याच्या पहिल्या पोस्टरवर काचेत गोळीचे भोक होते आणि भोवतीच्या तड्यांतून ऑक्टोपस भासत होता. मूळ अंगठीपेक्षा हे पोस्टर सरस आहे. अंगठीवरचा ऑक्टोपस हा ऑक्टोपसच आहे, त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही.

मार्व्हल कॉमिक्सची ‘हायड्रा’ १९६५ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी आणली. हायड्रा म्हणजे ग्रीक पुराणातला अनेक डोक्यांचा साप. एक डोके छाटले की दोन उगवतात. सगळ्यांच्या परिचयाचे झालेले तिचे चिन्ह मात्र एका कवटीला ऑक्टोपसचे हात असे आहे. नाव अनेक डोक्यांचे, चित्र एका डोक्याचे. चिन्ह म्हणून ते जोरकस आहे हे मान्य करूनही ही विसंगती खटकते. कवटीच वापरायची तर ‘फँटम’च्या अंगठीसारखी वापरावी. लेखक ली फॉक यांच्या या नायकाची कवटी शत्रूच्या जबड्यावर ठोशासरशी उमटते, म्हणजे चिन्ह आणि त्याचा वापर एकच होतो. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ तो हाच.

खऱ्या गुप्त संस्थाही ऑक्टोपसच्या चित्रापासून दूर राहिल्या नाहीत. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रह खात्याने डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या उपग्रहाच्या मोहिमेचा बिल्ला म्हणजे पृथ्वीला कवटाळणारा ऑक्टोपस होता, आणि आमच्या हाताबाहेर काहीच नाही अशा अर्थाचे वाक्य त्याखाली होते.

या सगळ्यांत श्रेष्ठ चिन्ह थॉमस पिंचनच्या ‘द क्राइंग ऑफ लॉट ४९’ (१९६६) या कादंबरीतले आहे. थुर्न उंड टाक्सिस घराण्याने युरोपात शतकानुशतके खासगी टपाल चालवले. १८६७ साली ते प्रशियाच्या ताब्यात गेले. टपाल आल्याची वर्दी शिंग फुंकून दिली जाई आणि जर्मन टपालाच्या चिन्हात ते शिंग आजही आहे. पिंचनने त्या घराण्याशी छुपी स्पर्धा करणारी ‘ट्रिस्टेरो’ ही टपालसंघटना कल्पिली आणि तिला तेच शिंग दिले, फक्त त्याच्या तोंडात आवाज दाबणारे बूच बसवून. एक वेटोळे, एक त्रिकोण, पुढे एक समलंब चौकोन. एवढ्यात सगळे येते: हे टपाल आहे, ते प्रस्थापित टपालाच्या विरोधात आहे, आणि ते आवाज न करता पोचते.

कादंबरीतली ईडिपा मास ही खूण प्रथम बारच्या स्वच्छतागृहात, भिंतीवर पेन्सिलीने काढलेली पाहते. मग ती तिला कोटाच्या बिल्ल्यावर दिसते, फुटपाथवर खडूने आखलेल्या मुलांच्या खेळात दिसते, टपाल तिकिटांच्या नक्षीत दिसते. या टपालाची पेटी म्हणजे रस्त्यावरची कचरापेटी. तिच्यावर इंग्रजीत ‘वेस्ट’ लिहिलेले आहे, पण अक्षरांमध्ये पुसट टिंबे आहेत. टिंबे दिसली तर ती संघटनेची आद्याक्षरे, नाही दिसली तर कचरा. संघटना खरोखर आहे की नाही, याचा निकाल पिंचन देत नाही. खूण कुणालाही काढता येण्याइतकी सोपी आहे, आणि म्हणूनच ती दिसली याचा अर्थ संघटना आहे असा निघत नाही. चिन्हाचा साधेपणा इथे कथेच्या गाभ्यातच शिरला आहे. वाचकांनी ते गोंदवून घेतले, भिंतींवर काढले.

अक्षरांतून चिन्ह घडवण्याची वाट वेगळी. डॅन ब्राउनच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’साठी (२०००) फिलाडेल्फियाचे अक्षरचित्रकार जॉन लँग्डन यांनी ‘इल्युमिनाटी’ हा शब्द असा रेखाटला की पान उलटे धरले तरी तोच वाचता येतो. अशा रचनेला अँबिग्रॅम म्हणतात. पृथ्वी, वायू, अग्नी, जल यांचे इंग्रजी शब्दही त्यांनी तसेच साधले आणि शेवटी चारही एका चौकटीत गुंफले. कादंबरीच्या नायकाला ब्राउनने त्यांचेच आडनाव दिले. अँबिग्रॅम इथे शोभतो, कारण सरळ आणि उलट दोन्हीकडून एकच चेहरा दाखवणे हे कारस्थानी संघटनेच्या स्वभावात बसते. इतिहासातली इल्युमिनाटी मात्र आडाम वाइसहाउप्टने १ मे १७७६ रोजी बव्हेरियात स्थापली आणि दहा वर्षांच्या आत सरकारी बंदीने ती मोडली. अमेरिकी डॉलरवरच्या पिरॅमिडचा आणि डोळ्याचा तिच्याशी संबंध नाही. ती आकृती १७८२ साली अमेरिकेच्या राजमुद्रेसाठी मंजूर झाली आणि १९३५ पासून नोटेवर आली.

‘लेमनी स्निकेट’च्या बालकादंबऱ्यांत (१९९९–२००६) दुष्ट काउंट ओलाफच्या घोट्यावर डोळा गोंदलेला आहे आणि त्या डोळ्यात एका गुप्त संघटनेची तीन आद्याक्षरे दडलेली आहेत. ‘लॉस्ट’ मालिकेतल्या (२००४–१०) ‘धर्मा इनिशिएटिव्ह’ने चिनी बागुआचा अष्टकोन घेतला, भोवती तीन-तीन रेघांचे गट ठेवले आणि मध्ये प्रत्येक केंद्राचे वेगळे चित्र बसवले: हंस, बाण, मोती. तो छाप खाद्यपदार्थांच्या डब्यांवर होता, एका शार्कच्या शेपटीवरही होता. चिनी आकृती, ‘धर्म’ हे नाव आणि ‘नमस्ते’चा घोष ही अमेरिकेतल्या १९७०च्या दशकाची हुबेहूब खिचडी आहे, भारतीय प्रेक्षकाला ती ढोबळ वाटली तरी काळाशी प्रामाणिक आहे. ‘स्क्विड गेम’मधले (२०२१) वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन कोरियन शीर्षकातली अक्षरे सुचवतात आणि पहारेकऱ्यांचे हुद्देही सांगतात. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) मधल्या गुप्त बंधुसंघाच्या फुलीसारख्या किल्ल्या तर खऱ्याच आहेत. १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संघटनेचे हॉटेल-कर्मचारी त्या सोनेरी किल्ल्या कोटाच्या कॉलरवर लावतात.

प्रत्यक्ष रेखाटनात काही गोष्टींना पर्याय नाही. चिन्ह एका रंगात उभे राहिले पाहिजे, कारण अंगठीला, डागाला आणि लाखेच्या शिक्क्याला रंग नसतो. नखाएवढे लहान केले तरी त्याच्या रेघा एकमेकींत मिसळू नयेत. कथेतल्या घाबरलेल्या माणसाला ते चार रेघांत काढता आले पाहिजे. नाहीतर मरणाऱ्याने जमिनीवर काढलेली खूण हा प्रसंगच लिहिता येत नाही. नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी ते जुळत नाही ना, हे चित्रपटाच्या कलाविभागाला आधीच तपासावे लागते. आणि कवटी, डोळा, पिरॅमिड, साप यांची एकत्र गर्दी टाळावी. ती पाहून संघटना भयंकर आहे एवढे कळते, पण ती कशासाठी आहे हे कळत नाही.

देवनागरीत अँबिग्रॅम जड जातो. शब्द उलटा केला की शिरोरेघ तळाशी जाते आणि लपवालपवी लगेच उघडी पडते. मराठी लेखकासाठी मोडी अधिक जवळची आहे. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग अक्षरे लिहायची ही लिपी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तिचे कागद गठ्ठ्यांनी आहेत, पण आज ती वाचणारे मोजकेच. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तबाचा वेगळा शिक्का, म्हणजे त्यापुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. वरचा शिक्का खरा आणि खालचा नाही, असे एक पत्र रहस्यकथेला पुरेसे आहे. मराठीत गुप्त संघटना रचणाऱ्यांनी परक्या कवट्या आणि पिरॅमिड बाजूला ठेवून आधी या दोन शिक्क्यांकडे पाहावे.