पाटी बघा, साल कळेल

मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाका. साउथडेल नावाच्या मॉलमध्ये फिरताना त्याचा उपयोग नाही. आपण कुठल्या साली येऊन पडलो हे कळायला एक खूण पुरते: मॉलच्या टोकाला जे मोठं दुकान आहे, त्याच्यावर कुणाची पाटी आहे ते बघायचं.

आत्ता पाटी आहे ‘डेटन्स’ची, आणि दुसऱ्या टोकाला ‘डोनाल्डसन्स’ची. म्हणजे 1956. तारीखही सांगतो, 8 ऑक्टोबर, सोमवार. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, मिनिआपोलिस शहराला लागून असलेलं इडायना. तुम्ही गाडी लावून उतरलात. पार्किंग 5,200 गाड्यांचं आहे, आणि आपली गाडी पुन्हा सापडावी म्हणून प्रत्येक भागाला एकेका प्राण्याचं चित्र दिलं आहे. सोबत मूल असेल तर प्राणी लक्षात ठेवायचं काम त्याच्यावर सोपवा, मोठी माणसं हमखास विसरतात.

समोरची इमारत बघून जरा निराश व्हाल. नुसत्या भिंती, रस्त्याकडे तोंड केलेली शोकेस जवळपास नाहीच. पण दार ढकलून आत शिरा. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून एकदम चौकात यावं तसं होतं. डोक्यावर उंच छत, त्यातून पडणारा दिवसाचा उजेड, खाली झाडं, माशांचं तळं, टेबलं मांडलेला कॅफे. एकवीस फूट उंचीच्या पिंजऱ्यात पक्षी किलबिलताहेत. हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलेली दोन सोनेरी धातूची झाडं वरच्या मजल्याकडे झेपावलेली. आणि हवा! बाहेर थंडी असो की उकाडा, इथे बारा महिने वसंत. या चौकाचं नावही तसंच ठेवलंय, ‘नित्य वसंताचं उद्यान’.

पहिल्याच दिवशी सुमारे 75 हजार माणसं आली आहेत, तेव्हा पर्स सांभाळा. बहुतेक जण अजून काहीच विकत घेत नाहीत, माना वर करून छत बघताहेत. त्यांचंही बरोबर आहे. दुकानांचा असा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल अमेरिकेने याआधी पाहिलेला नाही. 72 दुकानं, खर्च दोन कोटी डॉलर. छताखाली घ्यायचं कारण इथलं हवामान. दुकानदारांचा हिशेब असा, की वर्षातले जेमतेम 126 दिवस मिनेसोटात खरेदीला बाहेर पडण्याजोगे असतात. शिवाय सगळ्यांवर एकच छप्पर म्हटल्यावर प्रत्येक दुकानाला जाड दार लावून आपापली ऊब राखत बसायला नको. दर्शनी बाजू सताड उघडी ठेवता येते. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आधीच निम्मं आत आलेलं असतं.

जमिनीचा उतारही वाया घालवलेला नाही. अर्ध्या गाड्या खालच्या पातळीवर लागतात, अर्ध्या वरच्या, त्यामुळे दोन्ही मजल्यांवर सारखीच वर्दळ. वरच्या मजल्यावर भाड्याने जागा घेणारा दुकानदार कुरकुरत नाही.

आता डेटन्समध्ये चला. हातमोजे, हॅट, अत्तर, पडदे, भांडी, लहान मुलांचे बूट, सगळं एकाच दुकानात, वेगवेगळ्या विभागांत. काउंटरवरची बाई हातमोजा तुमच्या बोटांवर नीट बसवून बघते, नाही बसला तर दुसरा काढते, आणि रक्कम खात्यावर मांडते. डेटन मंडळींचं मूळ दुकान शहराच्या मध्यभागी निकोलेट अव्हेन्यूवर आहे, आणि डोनाल्डसन्सचंही तिथेच, हाकेच्या अंतरावर. वर्षानुवर्षांचे हे प्रतिस्पर्धी. तरी डेटननी आपल्याच मॉलमध्ये त्यांना मानाची जागा दिली. हा मोठेपणा नव्हे, व्यवहार आहे. दोन टोकांना दोन मोठी दुकानं असली की माणसं एकीकडून दुसरीकडे भाव बघत हिंडतात, आणि मधल्या छोट्या दुकानांचं पोट त्या हिंडण्यावर चालतं. मॉलचं सगळं गणित या येरझारीवर उभं आहे.

हे सारं आखणारा माणूस व्हिएन्नाचा. व्हिक्टर ग्रुएन. ज्यू, वास्तुरचनाकार, वर राजकीय प्रहसनं करणारा हौशी नट. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर तो पळून न्यूयॉर्कला आला तेव्हा खिशात आठ डॉलर होते. अमेरिकन उपनगरांत पायी चालायला जागा नाही, चार माणसं भेटतील असा चौक नाही, याची त्याला मनापासून चीड. म्हणून त्याच्या मूळ नकाशात मॉल हा फक्त मधला ठिपका आहे. भोवतीच्या साडेचारशेहून जास्त एकरांत घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं, असं अख्खं गाव त्याने काढलं होतं.

मग गाव कुठे गेलं? मॉल उघडला, आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले, जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. दवाखाना झाला, 1965 मध्ये फेअरव्ह्यू साउथडेल रुग्णालय उभं राहिलं, पण गाव म्हणावं असं काही जमलं नाही. उरलं काय, तर डांबराच्या समुद्रातली दुकानं. फ्रँक लॉइड राइट हा बडा वास्तुरचनाकार इथे येऊन नाक मुरडून गेला. त्याचा स्वभाव बघता त्याने कौतुक केलं असतं तरच नवल, पण इथे त्याचं फार चुकलं नव्हतं.

नक्कल मात्र भराभर झाली. 1954 च्या कर कायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांत जास्त घसारा दाखवायची मुभा दिली होती, त्यामुळे मॉल बांधणं हा गुंतवणूकदारांना कर वाचवायचा राजमार्ग वाटू लागला. चौक, पक्षी, शिल्पं यांना त्यांच्या खर्चात जागा नव्हती. ग्रुएन 1968 मध्ये व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांत त्या शहराच्या वेशीवरही एक अवाढव्य मॉल उभा राहिला. 1978 मध्ये लंडनमधल्या भाषणात त्याने वैतागून या असल्या अनौरस अवलादीची पोटगी भरायला साफ नकार दिला.

पुढे सरकू. 1992. पाटी अजून डेटन्सचीच, दुकान मात्र नवं आणि आधीपेक्षा मोठं. दुसऱ्या टोकाचे डोनाल्डसन्स संपले, 1987 पासून तिथे ‘कार्सन पिरी स्कॉट’ आहे. गर्दी आज कमी दिसते, कारण काही मैलांवर ब्लूमिंग्टनमध्ये, जुन्या बेसबॉल मैदानाच्या जागी, ‘मॉल ऑफ अमेरिका’ उघडलाय. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडायला अजून सात वर्षं आहेत.

2001 ला डेटन्सची पाटी उतरली. वर चढली ‘मार्शल फील्ड्स’, म्हणजे शिकागोचं नाव. मिनिआपोलिसच्या लोकांना हे झोंबलं. 2006 मध्ये तीही गेली आणि ‘मेसीज’ आली. दुसऱ्या टोकाची नावं मोजायच्या भानगडीत पडू नका: मर्विन्स, मग मोकळी जागा, मग हर्बर्गर्स, 2018 मध्ये तेही बंद. ही पडझड नुसती ऑनलाइन खरेदीने झाली असं म्हणणं सोपं आहे. पण ही दुकानं त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना गिळत होती.

आता 2019. सकाळची वेळ, दुकानं उघडायची आहेत. बूट घालून झपाझप चालणारी मंडळी तुमच्या बाजूने जातात. मुलाकडे अमेरिकेत हिवाळ्यात राहून आलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही आजी-आजोबांना हे दृश्य नवं नाही. बाहेर बर्फ, म्हणून मॉलमध्ये फेऱ्या. पक्ष्यांचा पिंजरा गेला, बर्टोयाची झाडं आहेत. पुढे ‘जेसी पेनी’चं दुकान शोधाल तर ते पाडून तिथे तीन मजली जिम उभी राहिलीय. पार्किंगच्या एका कोपऱ्यात 2014 पासून भाड्याची घरं आहेत, तिथली माणसं चालत मॉलमध्ये येतात. ग्रुएनने मागितलेलं होतं हेच, फक्त मोठी दुकानं बुडायला लागल्यावर मिळालं, आणि त्याला जाऊन तीन दशकं उलटल्यावर.

आणि डेटन? ते सापडतील, पण आत नाही. बाहेर पडून यॉर्क अव्हेन्यूने दक्षिणेला थोडं चाला. लाल वर्तुळांची पाटी दिसेल: ‘टार्गेट’. डेटन कंपनीने 1962 मध्ये स्वस्त मालासाठी काढलेली ही शाखा इतकी वाढली, की पुढे कंपनीनेच तिचं नाव घेतलं आणि मूळ डेटन्स विकायला काढली. इथे बोटांवर हातमोजा बसवून बघणारं कुणी नाही. तुमच्या मापाचा जोड तुम्हीच शोधा, ट्रॉलीत टाका आणि रांगेत उभे राहा.