पेटीतून आलेले वाचनालय : बडोदा संस्थानातील खेड्यांची ग्रंथालये

१/ दिवाळी अंकांची वर्गणी, उन्हाळी सुट्टीतील मुलांची गोष्टींची पुस्तके, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेली गावची वार्ता. खेड्यातील लहान वाचनालयाचे वर्ष असे ऋतूंप्रमाणे फिरते. असे वाचनालय मुळात खेड्यापर्यंत पोहोचले कसे? त्या कथेतील एक मोठे प्रकरण जुन्या बडोदा संस्थानात घडले. हा धागा त्याविषयी.

२/ मराठी मुलखात सार्वजनिक वाचनालये त्याआधीही होती. रत्नागिरीचे १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. परंतु ती शहरांतील होती आणि वर्गणी भरू शकणाऱ्या सुशिक्षितांची होती. खेड्यातील कुणब्याचा वा सुताराचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नसे.

३/ सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले आणि १८८१ मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आरंभिला. १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू झाला.

४/ येथे एक नवा पेच उभा राहिला. मूल चार इयत्ता शिकून शेतावर किंवा मागावर जाई. घरात छापील कागद नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरे पुसट होत आणि शाळेवरील खर्च मातीत जाई. बडोद्याची ग्रंथालये जन्मली ती या धास्तीतून. ग्रंथप्रेम हे कारण खरेच, पण दुय्यम, असे माझे मत आहे.

५/ १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. ते १९१३ पर्यंत बडोद्यात होते. मध्यवर्ती ग्रंथालय, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, खेड्यांसाठी स्वतंत्र शाखा, ही घडी त्यांनी बसविली. महाराजांचा सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह या ग्रंथालयाचा पाया ठरला.

६/ मात्र सारे श्रेय राजवाड्यास आणि अमेरिकेस देणे न्याय्य नव्हे. चरोतर भागातील मोतीभाई अमीन हे शिक्षक सरकारी खाते निघण्यापूर्वीच गावोगावी ‘मित्रमंडळ’ वाचनालये उभारीत होते. चार तरुण एकत्र यावेत, पैसा पैसा जमवावा, वर्तमानपत्र मागवावे आणि ते सर्वांसाठी खुले ठेवावे, इतकी साधी ती कल्पना. पुढे संस्थानाने त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतले. लोकांत आधीच रुजलेले रोप सरकारने हेरले, हे मला या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

७/ आता पैशाची व्यवस्था पाहा, कारण खरा कस तेथेच लागतो. गावाने २५ रुपये जमविले की खाते १०० रुपयांची देशी भाषांतील पुस्तके देई. पुढे दरवर्षी गाव जितकी रक्कम उभी करील, तितकीच प्रांत पंचायत देई आणि तितकीच सरकार. खेड्यासाठी या रकमेची मर्यादा १०० रुपये होती. इमारत बांधायची तरी हेच तिहेरी सूत्र. म्हणजे वाचनालय फुकट मिळत नसे. आरंभीचा रुपया गावाने टाकावा लागे, आणि म्हणूनच गाव त्याचा हिशेब विचारीत असे.

८/ याच सूत्रात एक उणीवही होती. चरोतरसारख्या तंबाखूच्या सुपीक पट्ट्यातील गाव २५ रुपये सहज काढील. नवसारी प्रांताच्या जंगलपट्टीतील पाड्याने ते कोठून आणावेत? ज्याच्या गाठी काहीच नाही, त्याच्यासाठी एक तृतीयांशाचे गणित निरुपयोगी असते.

९/ ही उणीव काही अंशी भरून काढली ती फिरत्या ग्रंथालयाने. लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरून ती गावी पाठवायची. ती वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. वाहतुकीचा खर्च दोन्ही बाजूंनी खाते सोशी. गावास कवडीही पडत नसे. संस्थानात अरुंद मापाच्या लोहमार्गांचे जाळे होते. त्यातील डभोई-मियागाम मार्ग १८६२ चा, आरंभी चक्क बैलांनी ओढलेला! अशा आगगाड्यांतून पुस्तके मुफसलात पोहोचू लागली.

१०/ आणि ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी खात्याची ‘दृश्य शिक्षण’ शाखा होती : जादूचा कंदील, काचेवरील चित्रे, पुढे चलच्चित्रे. खेळ उघड्यावर आणि विनामूल्य होत. उघड्यावरचा खेळ पावसाळ्यात होणे नाही. सुगी उरकल्यानंतरच्या मोकळ्या रात्री त्याला सोयीच्या असणार, असा तर्क करता येतो. ग्रंथालय म्हणजे केवळ कपाट नव्हे, गावाने जमण्याचे निमित्त आहे, ही समज येथे कृतीत दिसते.

११/ मराठी वाचकांसाठी एक धागा आणखी. संस्थानाची प्रजा बहुतांशी गुजराती, त्यामुळे खेड्यांतील पुस्तकेही मुख्यतः गुजराती असत. तरी दरबारातील मराठीचे स्थान ग्रंथालय खात्यातही उमटले. १९१२ मध्ये निघालेले ‘लायब्ररी मिसलेनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. बोर्डन गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. या चळवळीचा वृत्तान्त त्यांनी १९१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

१२/ १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यातून उभी राहिलेली रीत आजही ओळखीची वाटेल : ग्रंथालय चालविणार गावची संस्था, शासन देणार अनुदान, आणि दर्जा अ, ब, क, ड. खेड्यांतील बहुतेक ग्रंथालये शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. गावाने चालवावे आणि शासनाने हातभार लावावा, हे सूत्र बडोद्याच्या हिशेबाशी नाते सांगणारे आहे. फक्त प्रांत पंचायतीचा तिसरा वाटा येथे दिसत नाही.

१३/ आपल्या गावच्या वाचनालयात जुनी दाखल नोंदवही असेल तर ती एकदा अवश्य चाळावी. पहिली पन्नास पुस्तके कोणती, ती विकत घेतली की कोणी भेट दिली, पहिल्या वर्षी वर्गणीदार किती, हे सारे तिच्यात सापडण्याची शक्यता असते. वाळवीने गाठण्यापूर्वी त्या पानांची छायाचित्रे काढून ठेवा, आणि काही सापडले तर या धाग्याखाली जोडा.