रामटेकच्या देवळांतील एक झाकलेले नाव

स्मरणिकेसाठी मी रामटेकवर लिहावे असे चिटणीसबाईंनी फर्मावले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. रामटेकला कोण गेलेले नाही? आपल्या उमरेडची सहल म्हणजे एकतर पवनी, नाहीतर नागपूर, कामठी, मनसर करीत रामटेक. माझ्या आईने मला त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला कडेवर घेऊन तो डोंगर चढविला होता, आणि पुढे मी माझ्या मुलांना. दर्शन घ्यावे, अंबाळ्याकाठी शिदोरी सोडावी आणि परत यावे, एवढेच माझे रामटेक. परंतु गेल्या वर्षीच्या सहलीत मी तेथे असे काही पाहिले की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी मोठ्या देवळाविषयी. गडाचे वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडून आपण वर जातो, तेथे आधी लक्ष्मणाचे आणि मागे रामाचे देऊळ आहे. ही देवळे रामायणकाळची अशी आपली समजूत असते, किंवा रघूजी भोसल्यांनी बांधली असे कोणी सांगतो. पहिल्या रघूजींनी देवगड जिंकल्यावर येथे मूर्ती बसवून पूजेची व्यवस्था लावली म्हणतात, आणि आजचा थाटमाट बराचसा भोसल्यांचाच. पण बांधणी त्यांच्या फार आधीची, देवगिरीच्या यादवांच्या काळातील. लक्ष्मणाच्या देवळाच्या भिंतीत एक मोठा संस्कृत शिलालेख आहे. तो राजा रामचंद्र यादवाच्या वेळचा, म्हणजे इ. स. 1271 ते 1311 ह्या काळातला. दगड बराच झिजला आहे. महामहोपाध्याय मिराशी व कुळकर्णी ह्यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात आधी यादव राजांची स्तुती आणि मग ह्या क्षेत्राचे माहात्म्य आहे. डोंगराला त्यात सिंदूरगिरी म्हटले आहे. येथला दगड फोडला की आत शेंदरासारखा लाल निघतो, म्हणून हे नाव किती शोभते पाहा! नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले, त्या रक्ताने डोंगर लाल झाला असे माहात्म्य सांगते.

ह्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री, पण त्याच्या जन्माआधीची देवळेसुद्धा लोकांनी त्याच्याच नावावर घातली आहेत. असो. ह्या पद्धतीत घडविलेले दगड चुन्यावाचून एकमेकांत खाचा-कुसू बसवून आणि वजनाच्या भारावर उभे करतात. छताची युक्ती तर मोठी गमतीची. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर आडव्या शिळा टाकावयाच्या, म्हणजे आत तिरपा, लहान चौकोन तयार होतो. त्याच्यावर पुन्हा तसेच. शेवटी मध्ये एक शिळा झाकली की छत पुरे. सणाच्या दिवशी अंगणात आपण चौकोनात चौकोन फिरवून रांगोळी काढतो, तीच आकृती तेथे डोक्यावर दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गडाच्या तटाबाहेर दोन बसकी देवळे आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. वर जाण्याच्या घाईत बहुतेकजणी त्यांच्याकडे पाहतही नाहीत, आणि मीही इतकी वर्षे पाहिले नव्हते. यादवांची देवळे उंच शिखरांची, कोसांवरून दिसणारी. ही दोन त्यांच्यापेक्षा आठशे वर्षांनी वडील, वाकाटकांच्या काळची, पाचव्या शतकातली. शिखर म्हणावे असे उंच काही नाही. चौरस गाभारा, त्यापुढे चार भक्कम खांबांचा मंडप, जाड भिंती. आत तांबड्या दगडाचा प्रचंड नरसिंह एक गुडघा उभा करून ऐसपैस बसला आहे, हातात चक्र आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही आणि मुद्रेवर क्रोधही नाही. जवळच वर तांबड्या दगडाचा भला मोठा वराह आहे. त्याच्या पोटाखालून पापी माणसाला निघता येत नाही अशी समजूत आहे. आमच्यातल्या तिघी निघाल्या. चौथीने गुडघ्याचे निमित्त सांगितले, तेव्हा तिच्या पापाचा निर्णय झालेला नाही.

केवल नरसिंहाच्या भिंतीवर अनेक थरांचा चुना बसलेला होता. 1980 नंतरच्या काही वर्षांत पुरातत्त्व खात्याने तो काढविला, तेव्हा खाली अक्षरे निघाली. पंधराशे वर्षांपूर्वीचा लेख! ओळी पुष्कळ तुटल्या आहेत. तरी तज्ज्ञांनी लावलेला अर्थ असा की, हे पुण्यकृत्य प्रभावतीगुप्ता राणीच्या मुलीने आपल्या दिवंगत आईच्या पुण्यासाठी केले, आणि देवालाही आईच्या नावावरून प्रभावतीस्वामी म्हटले.

ही प्रभावतीगुप्ता कोण? गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन ह्याची राणी. नवरा लवकर गेला, मुले लहान, तेव्हा तिने स्वतः राज्य चालविले. पुणे ताम्रपट म्हणून जो प्रसिद्ध आहे तो तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून दिलेला आहे. त्यात तिने आधी माहेरचे कूळ सांगितले आहे आणि गोत्रही माहेरचेच, धारण, दिले आहे. लग्नानंतर गोत्र बदलते असे आपण इतक्या ठामपणे सांगतो, तेव्हा ही गोष्ट मला दोनदा वाचावी लागली. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर असताना त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने जे दान दिले तो रिद्धपूरचा ताम्रपट. ते दान तिने रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिले असे तो सांगतो. म्हणजे म्हातारपणीही ती हा डोंगर चढत होती. नगरधनला 2015 ते 2018 मध्ये राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज ह्यांनी उत्खनन केले, तेव्हा तिच्या नावाचा मातीचा मुद्रांक मिळाला. त्यावर शंखही आहे.

मिराशींनी मेघदूतातला रामगिरी तो हाच हे आयुष्यभर पटवून दिले आणि डोंगरावर कालिदासाचे स्मारकही झाले. चक्रधरस्वामी गुजरातेतून रामटेकच्याच यात्रेला म्हणून निघाले होते. ही नावे आपल्याला पाठ आहेत. भिंत बांधणाऱ्या मुलीचे आणि तिच्या आईचे नाव मात्र चुन्याखाली होते. कोणी वाईट हेतूने झाकले असे नव्हे. सणासुदीला देऊळ स्वच्छ दिसावे म्हणून भाविकांनी श्रद्धेनेच चुना दिला असेल, आणि दरवर्षी एक थर चढला असेल.

मी त्या भिंतीसमोर उभी असताना मला आपले सभागृह आठवले. त्याला रंग दिला तेव्हा आतल्या भिंतीवर तेलरंगाने लिहिलेली पहिल्या सभासदांची नावे रंगाखाली गेली. रंग पसंत करणाऱ्यांत मीही होते. फिकट पिवळा, मीच सुचविला. ‘ती जुनी अक्षरे आता नीट वाचताही येत नाहीत’ हे वाक्य माझेच, आणि कोणी हरकत घेतली नाही. त्या यादीत माझ्या सासूबाईंचे नाव होते.

सहलीहून परतल्यावर मी चिटणीसबाईंकडे गेले आणि आम्ही दोघींनी जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षाची वर्गणीवही वाळवीने खाल्लेली निघाली, पण दुसऱ्या वर्षाची सापडली. काही नावे जुन्या घरी जाऊन विचारली. एका घरी तर आजीबाईंचे नाव नातवंडांना सांगता येईना. ‘मोठी आई’ एवढेच त्यांना माहीत. शेवटी शेजारणीने सांगितले. मूळ नावे 21 होती हे सर्वांना आठवते, आणि त्यांपैकी 19 मिळाली. ती ह्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर, प्रत्येकीच्या स्वतःच्या नावानिशी, छापली आहेत. दोन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. कोणास आठवत असतील, अथवा घरात जुना फोटो वा पत्र असेल, तर ते कृपया चिटणीसबाईंकडे आणून द्यावे.