खुर्ची आणि दाद

आमच्या शाळेत मुलांची लुटुपुटीची लोकसभा भरते. गेल्या वर्षी अध्यक्षाच्या खुर्चीवर मीच बसलो होतो. सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, अध्यक्षच चुकला तर दाद कुणाकडे मागायची?" वीस वर्षे मी मुलांना गप्प बसवीत आलो, त्या दिवशी गप्प बसण्याची पाळी माझी होती.

उत्तर शोधता शोधता दादासाहेब मावळंकरांपाशी येऊन पोहोचलो.

गणेश वासुदेव मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. जन्म १८८८ चा, बडोद्याचा. १९१३ पासून त्यांनी अहमदाबादेत वकिली केली. पुढे गांधीजींच्या चळवळीत तुरुंग घडला. तेथे खुनी-दरोडेखोर म्हटलेल्या कैद्यांची सुखदुःखे या वकिलाने आस्थेने ऐकली आणि 'मानवतानां झरणां' या गुजराती पुस्तकात मांडली. दुसऱ्याचे ऐकून घेण्याची हीच सवय पुढे कामी आली, असे मला वाटते.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सर कावसजी जहांगीर यांना ६३ मते, मावळंकरांना ६६! तीन मतांनी ते जिंकले. १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

१९५४ साल मात्र कसोटीचे ठरले. सभागृहाला वगळून वटहुकूम काढणे लोकशाहीला शोभत नाही, असे त्यांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविले. आणि त्याच वर्षी, १८ डिसेंबरला, विरोधी सभासदांनी त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांना दूर करण्याचा ठराव आणला! अशा वेळी अध्यक्षाने त्या खुर्चीवर बसायचे नाही, असे घटनेचे ९६ वे कलम सांगते. खुर्ची उपाध्यक्षांकडे गेली, चर्चा झाली, ठराव फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी निधन होईपर्यंत दादासाहेब त्याच पदावर होते.

ठराव पडला हे खरे. पण तो मांडता आला, याचे मोल मला अधिक वाटते.

त्या मुलाला मी सारे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्यावरही ठराव आणता येईल?"

मी हो म्हणालो. यंदा खुर्चीवर तो बसणार आहे, आणि मी बाकावर.