भांडवल एकाचे, कारभार दुसऱ्याचा

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. तेल-वायूच्या पाइपलाइन चालवणाऱ्या एका भागीदारी संस्थेची काही युनिट्स त्याने शेअर बाजारातून घेतली आहेत. परवा फोनवर म्हणाला, "मामू, कागदावर मी भागीदार, पण संचालक निवडताना मला कुणी विचारतच नाही." मी म्हटले, बेटा, ही गोष्ट हजार वर्षांहून जुनी आहे.

इस्लामी व्यापारात मुदारबा किंवा किराद नावाचा करार रूढ होता. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने ते घेऊन व्यापाराला निघायचे. नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा. तोटा झाला तर एकाचे भांडवल बुडे, दुसऱ्याचे श्रम. भांडवलदार घरी, कारभार मुदारिबच्या हाती. पण मुदारिबने घातलेल्या अटी मोडल्या, तर नुकसान त्याच्या अंगावर. फकीहांनी या एका मुद्द्यावर फार बारकाईने लिहिले आहे. इटलीच्या बंदरांतला 'कोमेन्दा' करार याच्याशी इतका मिळताजुळता आहे, की अब्राहम उडोविच यांच्यासारख्या इतिहासकाराला त्याचे मूळ बहुधा किरादमध्येच दिसले.

पुढे हीच कल्पना फ्रान्सच्या १८०७च्या व्यापारी संहितेत आली आणि १८२२मध्ये न्यूयॉर्कच्या कायद्यात. पैसा लावणाऱ्याची जोखीम त्याच्या पैशापुरतीच, मात्र त्याने कारभारात हात घातला की ते संरक्षण गेले. गप्प बसणे ही सवलतीची किंमत होती. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

१९८१ साली अपाची या तेल कंपनीने अशा भागीदारीचे हिस्से बाजारात आणले. १९८७च्या कायद्याने, ९० टक्के उत्पन्न तेल-वायूसारख्या ठरावीक व्यवसायांतून असेल तर अशा संस्थेला कंपनीकर माफ केला. मग हजारो अनोळखी माणसे 'भागीदार' झाली. मुख्य भागीदाराला हटवायला अशा करारांत बहुधा दोन तृतीयांश मते लागतात, आणि त्यात त्याची व त्याच्या माणसांची युनिट्सही मोजली जातात. त्यांच्याकडे एक तृतीयांशाहून जास्त असतील तर संपलेच. उलट बाहेरच्या कुणी २० टक्के जमवले, तर बहुतेक करारांत त्याचे मतच रद्द होते!

एनर्जी ट्रान्सफरचे उदाहरण घ्या. २०१६च्या सुरुवातीला युनिटचा भाव कोसळला होता. तेव्हा या समूहातल्या मूळ संस्थेने प्रमुख केल्सी वॉरन आणि निवडक लोकांनाच खास युनिट्स दिली. युनिटधारकांना मिळणारी रक्कम पुढे कापली गेली, तरी त्यांचे नुकसान टळेल अशी ती रचना होती. सामान्य धारकांना ती संधी नव्हती. डेलावेअरच्या चान्सरी न्यायालयाने २०१८मध्ये करारभंग झाल्याचे म्हटले, पण भरपाई दिली नाही. कपात झालीच नव्हती. त्याच वर्षी समूहातल्या दोन संस्था एकत्र झाल्या. नव्या युनिट्समुळे वॉरन यांच्या मतांचे प्रमाण घटले असते. म्हणून त्यांच्या ताब्यातल्या मुख्य भागीदाराला 'अ' वर्गाची युनिट्स दिली गेली. त्यांना लाभांश नाही, फक्त मत आहे.

म्हणजे भाच्याला पैसे मिळतात, मत जवळजवळ नाही. तिथे मतच वेगळे काढून दिलेले. जुन्या मुदारिबला भांडवलदाराच्या अटी पाळाव्या लागत. इथे अटी मुदारिबच लिहितो आणि भांडवलदार त्या न वाचता युनिट विकत घेतो.

भाच्याने युनिट्स विकलेली नाहीत. दर तिमाहीला पैसे वेळेवर येतात, म्हणतो. करारनामा मात्र त्याने आता डाउनलोड केला आहे.