दोरी ओढण्याआधी

शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं आणि गॅरेज रिकामं करायची वेळ आली. काउन्सिलचा क्लीन-अप आठवड्यावर आला होता. फुटपाथवर काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवताना गोणपाटात गुंडाळलेली एक होडीची मोटर निघाली. पितळी टाकी, खाली लांब दांडा, त्याच्या टोकाला पंखा. ब्रिटिश सीगल. आजोबांच्या वडिलांची. तीसेक वर्षं ती कुणी चालवली नव्हती. “सुरू झाली तर नातू नेईल, नाहीतर फुटपाथवर,” आजोबा म्हणाले. मी बजाज स्कूटरवर वाढलेला माणूस. टू-स्ट्रोक इंजिन म्हटल्यावर हात शिवशिवले.

ज्या नदीवर ही मोटर चालली, ती पॅरामॅटा नदी वल्ह्यांचीच. मूळ रहिवासी धारुग लोकांपैकी इथल्या कुळाचं नाव बरामट्टागल. त्या नावाचा संबंध वाम माशाशी जोडतात, म्हणून आपल्या रग्बी संघाचं नावही ‘ईल्स’. १७८८ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर फिलिपने इथे रोझ हिलची वसाहत वसवली. सिडनीहून इथवर माणसं आणि धान्य आणायला १७८९ मध्ये ‘रोझ हिल पॅकेट’ नावाची बोट बांधली. वसाहतीत बांधलेली ही पहिली बोट. ती इतकी बोजड होती की लोक तिला ‘द लंप’, म्हणजे गोळा, म्हणत. वारा, भरती आणि मनगटाचा जोर यांवर तिचा प्रवास चाले. १८३१ मध्ये ‘सरप्राइझ’ ही वाफेची बोट या मार्गावर आली, पण साध्या माणसाच्या हातातलं वल्हं काही सुटलं नाही. उलट वल्हवण्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढती याच नदीवर झाल्या. १८७६ मध्ये नेड ट्रिकेट हा सिडनीकर थेम्सवर जाऊन जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी याच पाण्यात त्याने ते पद राखलं.

वल्ह्यांची जागा घेणारं छोटं इंजिन अमेरिकेत आलं. डेट्रॉइटचा कॅमेरॉन वॉटरमन आधीच तशी मोटर विकत होता, पण तिला घराघरांत नेलं ते नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने. गोष्ट अशी सांगतात, की तळ्याकाठच्या सहलीत बेसला आइस्क्रीम खायची इच्छा झाली. ओले वल्हवत पैलतीरी गेला, पण परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत दीड हॉर्सपॉवरची मोटर बाजारात आणली. पुढे त्याची बायको झालेली बेस धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती सांभाळत असे. एव्हिनरूड हे नाव २०२० पर्यंत टिकलं, त्या वर्षी मालक कंपनीने या मोटरी बनवणं थांबवलं.

सीगल इंग्लंडची. १९३१ च्या सुमारास वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये सुरुवात, मग पूल या बंदरगावी कारखाना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने सुमारे दहा हजार मोटरी मागवल्या. कमी भाग, झाकण नाही, कुठलाही नट समोर दिसतो, असं ते यंत्र. म्हणूनच तीस वर्षांनी माझ्यासारख्या माणसाची त्याला हात लावायची हिंमत झाली.

पहिला मोह असतो दोरी गुंडाळून जोरात ओढायचा. तो आवरायचा. आत रिंगा धरून बसल्या असतील तर एका झटक्यात मोडतील. आम्ही प्लग काढला, भोकातून थोडं तेल सोडलं आणि मोटर रात्रभर तशीच ठेवली. सकाळी नातवाने फ्लायव्हील हाताने हळूच फिरवलं. आधी कुरकुर, मग ते सैल झालं. खालच्या गिअरमधलं तेल काढलं. त्यात पाणी शिरलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. आमचं काळं होतं, म्हणजे बरंच. मग ठिणगी. प्लग इंजिनाला टेकवून दोरी ओढली, तर काहीच नाही. फ्लायव्हीलखालच्या पॉइंटवर हिरवट थर होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासला, अर्ध्या मिलिमीटरची फट लावली आणि निळी ठिणगी दिसली.

आता उरला कार्ब्युरेटर. जुन्या मोटरी बहुतेक इथेच मरतात. साठलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो, तो जेटचं बारीक भोक बुजवतो. मी मनाची तयारी करून वाटी उघडली. आत लख्ख पितळ! आजोबा खुर्चीतून म्हणाले, “वडील शेवटी नेहमी टाकीचा नळ बंद करायचे आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचे. मग गोड्या पाण्याच्या पिंपात धुवायचे.” तीस वर्षांनंतरचं आमचं काम त्यांनी शेवटच्या दिवशीच करून ठेवलं होतं.

पेट्रोल ताजं घेतलं, ई१० नाही, कारण त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. स्कूटरला शंभराला दोन भाग तेल, या मोटरीला दहाला एक! पंपाला पाणी हवं म्हणून मोटर पिंपाच्या कडेला अडकवली. सातव्या की आठव्या झटक्याला ती ठसकली आणि निळा धूर सोडत सुरू झाली. आजोबा उठून उभे राहिले.

“अर्मिंग्टनच्या धक्क्यावरून आम्ही शनिवारी निघायचो,” ते म्हणाले. “ब्रीम मिळायचा. आई रात्री तळायची.” मग थोडा वेळ गप्पच होते. कारण आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. नदीच्या खालच्या अंगाला, ऱ्होड्स आणि होमबुश बेच्या काठी अनेक वर्षं रसायनांचे कारखाने होते. त्यांतलं डायॉक्सिन गाळात उतरलं, गाळातून माशांत गेलं. २००६ मध्ये सिडनी बंदरातली व्यावसायिक मासेमारी बंद झाली. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा खाऊ नये, ही सूचना आजही आहे. ऱ्होड्सची जमीन आणि खाडीचा काही भाग पुढे साफ केला गेला, तिथे आता उंच इमारती आहेत. पण तळाचा सगळा गाळ कोण धुणार? निघून जाताना आपली टाकी रिकामी करायची शिस्त एका माणसाने पाळली होती. कारखान्यांनी ती पाळली नाही.

तरी नदी मेलेली नाही. काठाला तिवरांची दाट झाडी आहे, फेरी ये-जा करते. पॅरामॅटा लेकमध्ये १९४३ पासून बंद असलेलं पोहणं २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं. हळूच तेल सोडून रात्रभर थांबण्यासारखंच ते काम आहे, झटक्याने होणारं नाही.

नातवाने मोटर नेली. पाच हॉर्सपॉवरच्या आतली असल्याने होडीची नोंदणी लागत नाही आणि ती लायसन्स लागेल इतकी धावतही नाही. लाइफ जॅकेट मात्र घाल, असं आजोबांनी बजावलं. निघण्यापूर्वी त्याने ती पुन्हा एकदा पिंपात चालवली, टाकीचा नळ बंद केला आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत वाट पाहिली. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.